मदत हवी आहे : शाळेला आणि पालकांना द्यायचं पत्र (सातवीची मुलं, वेताळ टेकडी)

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा काही जणांचा गट आहे. संस्था नाही, नोंदणी नाही; झाडं ओळखतो, नोंदी ठेवतो, एवढंच. फेब्रुवारीत एखाद्या शनिवारी शाळा सुटल्यावर गोखलेनगर भागातल्या पालिकेच्या एका शाळेची सातवीची मुलं वर न्यायचं चाललं आहे. तेव्हा गणेर फुललेला असतो. झाडावर पान नसतं, नुसती पिवळी फुलं. आणि लागवड केलेला ग्लिरिसिडिया (हे मूळचं परदेशी झाड) किती माजलाय तेही मुलांना डोळ्यांनी दिसेल.

मुख्याध्यापिकाबाई अनुकूल आहेत. "रीतसर पत्र द्या आणि पालकांच्या संमतीपत्राचा मसुदाही तुम्हीच द्या, आम्ही वाटू," म्हणाल्या. शाळेसाठी असं लिहिलंय :

"विषय : वृक्षनिरीक्षणाबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, आमचा गट पर्यावरण संवर्धनाच्या उदात्त हेतूने कार्यरत असून आपल्या विद्यार्थ्यांना निसर्गाची गोडी लागावी अशी आमची मनीषा आहे. तरी सहकार्य व्हावे, ही विनंती."

पालकांचं पत्र तर याहून भयंकर. एका नातेवाइकांच्या मुलाच्या शाळेतला जुना नमुना मिळाला, त्यात निम्मा कागद "कोणतीही दुर्घटना घडल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत" यातच संपतो.

लेटरहेड नसेल तर चालतं का? आणि वर दगडाची जुनी खाण आहे, तिच्यात पाणी असतं. आम्ही तिकडे जाणार नाही. पण पत्रात खाणीचा उल्लेख करावा का? केला तर पालक बिचकतील, नाही केला तर लपवल्यासारखं होईल.

निवृत्त_मुख्याध्यापिका :
साध्या कागदावर लिहा. पोकळ लेटरहेड छापून आणलेले लोक पाहिले की आम्हीच सावध व्हायचो. दोघांची पूर्ण नावं, पत्ते, फोन, सह्या आणि ओळखपत्राची झेरॉक्स, एवढं पुरतं.

तुमच्या पत्रात मागणीच नाही. "सहकार्य" म्हणजे काय? विषयातच लिहा : "इ. ७ वीच्या विद्यार्थ्यांना वेताळ टेकडीवर वृक्षनिरीक्षणासाठी नेण्यास परवानगी मिळणेबाबत." पुढे वार, तारीख, निघायची नि परतायची वेळ, मुलं किती, तुमची माणसं किती, शाळेचे किती शिक्षक सोबत हवेत. उदात्त हेतू आणि मनीषा काढून टाका, बाई तो परिच्छेद वाचणार नाहीत.

पत्र दोन प्रतींत न्या. एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. मुख्याध्यापिकांना हे पत्र शिक्षण विभागाकडे पाठवावं लागू शकतं, म्हणून मजकूर असा हवा की त्यांना वेगळं काही समजावत बसावं लागू नये. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीपुढे ठेवायची विनंतीही करा. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात; त्यांना पटलं की वर्गातल्या बाकीच्या घरांत बोलणं आपोआप होतं.

टेकडीकर :
टेकडीचा बराच भाग वनविभागाचा आहे. त्यांनाही एक पत्र द्या आणि त्याची पोच शाळेच्या पत्राला जोडा.

सातवीतल्या_मुलीची_आई :
तो "जबाबदार राहणार नाही" परिच्छेद आधी उडवा. असं लिहून घेतलं म्हणून हलगर्जीपणाची जबाबदारी टळत नाही. आम्ही मात्र सही करताना घाबरतो, आणि घाबरलेला पालक पोराला घरीच ठेवतो.

खाणीचं सरळ लिहा. इथली मुलं ती खाण तुमच्यापेक्षा चांगली ओळखतात! "खाणीकडे जाणार नाही" हे वाक्य वाचून मला तरी बरंच वाटेल.

फोटोंसाठी वेगळी चौकट ठेवा, हो किंवा नाही. मुलांचे फोटो, नावं कुठे टाकणार असाल तर पालकांची संमती लागतेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना 'मूल'च धरलं आहे. आणि "वडिलांची सही" छापू नका, "पालकाची सही" छापा. आमच्या वर्गात दोन-तीन पोरांचं सगळं आजीच बघते.

निवृत्त_मुख्याध्यापिका :
आजीवरून आठवलं. अशा शाळांत पालकांचं पत्र बऱ्याचदा मूलच घरी वाचून दाखवतं. सातवीतल्या पोराला अडखळावं लागेल असा एकही शब्द ठेवू नका.

धागाकर्ता :
हे डोक्यातच आलं नव्हतं. सगळं नव्याने लिहिलं, बघा :

"नमस्कार. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सातवीच्या मुलांना वेताळ टेकडीवर झाडं बघायला नेणार आहोत. शाळेचे शिक्षक पूर्ण वेळ सोबत असतील. मुलं चालत जातील. दुपारी … वाजता शाळेच्या फाटकाशी परत येतील, तिथून तुम्ही त्यांना घरी न्यावं. खाणीकडे जाणार नाही. पाण्याची बाटली, टोपी आणि पायात बूट द्या. मुलाला दमा असेल, मधमाशी चावल्यावर त्रास होत असेल किंवा काही औषध चालू असेल तर खाली लिहा. पैसे लागणार नाहीत. पाठवायचं नसेल तरी चालेल, त्या मुलांचा वर्ग शाळेत नेहमीसारखा होईल."

खाली कापून परत द्यायची पट्टी : मुलाचं नाव, पालकाची सही, फोन, फोटो हो/नाही.

सातवीतल्या_मुलीची_आई :
छान झालंय. पण शेवटचं वाक्य बाईंना विचारल्याशिवाय छापू नका. शाळा सुटल्यावर नेताय ना? मग कुठला वर्ग?

धागाकर्ता :
खरंच की! काढतो. "पाठवायचं नसेल तरी चालेल" इथेच थांबतो. वस्तीत कन्नड बोलणारी घरं बरीच आहेत, त्यांच्यासाठी हाच मजकूर कन्नडमध्ये कुणी करून देईल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.