घरच्या घरी स्वतःच्या मापाचा ड्रेस फॉर्म (कपडे बेतण्यासाठीचा धडाचा पुतळा) कसा करावा?

धावदोरा:
माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला असून पाठीला किंचित बाक आहे. त्यामुळे छाती, कंबर आणि सीटची मापे काटेकोर घेतली तरी मागचा गळा उचलला जातो आणि मुंढ्यापाशी (बाही जोडतात त्या गोलाईपाशी) चुण्या पडतात. अंगात घातलेल्या जुन्या टी-शर्टवर डक्ट टेप गुंडाळली, तयार झालेले कवच पाठीवर कापून काढले आणि कडा जोडून, आत भरण घालून फॉर्म केला, परंतु त्याची कंबर माझ्या कंबरेपेक्षा 5 सेंटीमीटरने जास्त भरली. चूक कोठे झाली असावी?

मांजरपाट:
टी-शर्ट आणि टेपचे थर मिळून जाडी अवघी 3 मिलिमीटर झाली, तरी घेर सुमारे 19 मिलिमीटरने वाढतो, कारण जाडीच्या जवळजवळ सव्वासहा पट वाढ घेरात होते. उरलेली वाढ बहुधा पाठीवर कापलेल्या कडा जोडताना राहिलेल्या फटीमुळे आणि भरण ठासल्यामुळे झाली असावी. जादा घेर केवळ पाठीतून काढल्यास बाजूच्या रेषा मागे सरकतात, म्हणून तो पाठ आणि दोन्ही बाजू यांत विभागून काढावा. त्यासाठी कवच अंगावर असतानाच पुढची मध्यरेषा, बाजूच्या रेषा आणि कंबररेषा आखून ठेवाव्या लागतात. शिवाय शरीराची कंबर लंबगोल असते आणि भरलेले कवच गोल होऊ पाहते, तेव्हा तळाशी लंबगोल पुठ्ठा बसवावा.

माझे मत विचाराल तर टेपचा नादच सोडावा. टाचण्या चिकट होतात, कवचही कालांतराने दबते. अंगाला घट्ट बसणारा, जराही सैलपणा नसलेला मांजरपाटाचा साचा शिवून त्यात पॉलिएस्टरचे भरण घातल्यास टाचण्या नीट बसतात आणि चूक झालेली शिवण उसवता येते.

कच्चा टाका:
कोणत्याही पद्धतीत नेहमीचेच अंतर्वस्त्र घालावे आणि नेहमीसारखेच उभे राहावे; फॉर्मसाठी पाठ ताठ केली, तर बाक त्यात उतरणारच नाही. टेप आवळून गुंडाळू नये आणि चक्कर आल्यासारखे वाटताच कवच कापून काढावे.

धावदोरा:
कापडी साचा करायचा ठरवला, तर खांद्यांतील फरक कापतानाच धरावा की अंगावर घातल्यानंतर?

मांजरपाट:
कापड घडीवर न कापता डावा आणि उजवा भाग स्वतंत्र कापावा, खांद्याला आणि मुंढ्याला भरपूर माया (शिवणीबाहेरचे जादा कापड) ठेवावी आणि उतार अंगावर टाचूनच ठरवावा. उजवीकडचा खांदा टाचल्यावर तेथील मुंढा वर ओढला जाऊन लहान होतो. तो नव्याने आखल्याशिवाय भरण घालू नये.