श्रावण पाळायला दारू सोडली, तेव्हा... (अनुभव लिहा)

सत्तरीची_वाट
काल वाळपईहून परतताना रस्त्याकडेला काजूच्या दारूची भाटी पेटलेली दिसली. हुर्राकाचा, म्हणजे पहिल्या धारेच्या दारूचा, वास आला आणि 1999 चा श्रावण डोळ्यांसमोर उभा राहिला.

बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. फेणी रोजची, शेवटी शेवटी सकाळीही. त्या वर्षी आईला शब्द दिला, श्रावण कडक पाळणार. पहिला दिवस आम्ही सगळे आनंदात. दुसऱ्या दिवशी हात एवढे थरथरायला लागले की चहा बशीतच सांडला. संध्याकाळी आकडी आली, कोणीतरी नाकाला चप्पल लावली. तिसऱ्या रात्री बाबा चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागले. चादर स्वच्छ होती. मला म्हणाले, "बाय, वाटी धर गो." चिमटीने एकेक मुंगी उचलून वाटीत टाकत होते. मी अकरा वर्षांची, रिकामी वाटी धरून बसले होते. बनियन घामाने चिंब. काका म्हणाले बाहेरचं लागलंय, घाडीला, म्हणजे मांत्रिकाला, बोलवूया. पहाटे आईने कोणाचं न ऐकता बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरांनी ट्रकवाल्याला कळेल असं समजावलं. दारू म्हणजे मेंदूवर दाबलेला ब्रेक. वर्षानुवर्षं ब्रेक दाबलेला, म्हणून मेंदू अ‍ॅक्सिलरेटर वाढवत गेला. ब्रेक एकदम सोडला की गाडी सुसाट. बाबा वाचले. पण दारू सोडल्यानेही माणूस जाऊ शकतो हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. तुमच्या घरी असं काही झालं असेल तर लिहा.

रात्रपाळी
ड्यूटीवरून आत्ताच आले, घाईत लिहिते. ताई, आईंना नमस्कार सांगा. दरवर्षी श्रावणात आणि चतुर्थीच्या आधी असे पेशंट येतातच. आकडी बहुधा शेवटच्या घोटानंतर 6 ते 48 तासांत. भास, घाम, बडबड दोन ते चार दिवसांनी. म्हणजे घरच्यांना वाटतं आता सुटली, तेव्हाच खरा धोका.
आणखी एक. पिणारा जेवत नाही, शरीरात बी1 जीवनसत्त्व उरत नाही. ते आधी न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, तोल जातो, आठवण कायमची जाते. म्हणून घरी सलाईन लावून घेऊ नका. आणि "हा पितो" हे डॉक्टरांपासून लपवू नका, लाज नंतर.

माडाची_सावली
वाटीचं वाचून रडले. माझे मामा असेच गेले, 3 दिवसांत. आम्ही भूतच समजलो होतो.

पेडणेकर
माझं वेगळं आहे. हणजुणेला बारमध्ये कामाला होतो. दोस्त दारूबरोबर पावडर, म्हणजे कोकेन, घ्यायचा. म्हणायचा, "कितीही पी, चढतच नाही." चढायची रे, फक्त कळायची नाही. कोकेनमुळे मेंदूत डोपामीन हे तरतरी आणणारं रसायन साचून राहतं, झोप पळते, आपण शुद्धीत आहोत असं वाटतं. लिव्हर बिचारं दारू उपसतच असतं. शिवाय दोन्ही एकत्र आले की लिव्हरमध्ये कोकाएथिलीन नावाचं तिसरंच रसायन तयार होतं, ते हृदयाला जास्त घातक. हे नंतर कळलं. 26 व्या वर्षी छाती धरून मोरीत बसला. 108 वेळेत आली म्हणून आहे. आता गावात आहे, काजूच्या बागेत राबतो.

आबोली_फोंडा
@सत्तरीची_वाट वाळपईच्या अलीकडे का पलीकडे? नीरो, काजूबोंडांचा ताजा रस, मिळतो का तिथे अजून? आईला हवा होता

सत्तरीची_वाट
पलीकडे गो, पुलाजवळ. सकाळी लवकर जा, उन्हं चढली की आंबतो.

डिचोलीची_सून
हे सगळं वाचून हात थंड पडले. आमचे रोज अर्धी बाटली संपवतात. काल तांदळाच्या पिंपात आणखी एक सापडली. मी रागाने मोरीत ओतली, आणि देवासमोर शपथ घ्यायला लावली, आजपासून थेंब नाही. आज सकाळपासून हात कापतायत, दाढी करताना कापलं. मी समजत होते नाटक करतायत.

माडाची_सावली
वहिनी, नाटक नाही ते. एकट्या राहू नका, शेजारी कोणाला तरी सांगा.

रात्रपाळी
वहिनी, उद्यावर टाकू नका. आत्ताच त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात जा. शेवटचा घोट किती वाजता घेतला ते लिहून न्या. आकडी आली किंवा काहीबाही बोलायला लागले तर थेट 108. शपथेचं नंतर बघू, गोळ्या देऊन हळूहळू सोडवता येते. फोनवर बोलायचं असेल तर 14416, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, पैसे पडत नाहीत.

डिचोलीची_सून
दीर रिक्षा घेऊन येतोय. शेवटची काल रात्री साडेनऊला.