फायबरग्लास की पितळ?

"फायबरग्लासचा सूझाफोन हलका, मग पितळी कशाला वाहायचा?" या प्रश्नावर थोडी भर. (सूझाफोन म्हणजे बँडमधलं अंगाभोवती घालून खांद्यावर वाहायचं मोठं फुंकवाद्य.) हलका आहे खरा, पण दणकून फुंकलं की आवाज बोथट होतो. पितळेची धार मोकळ्या मैदानात लांबवर पोचते.

पितळेतही फरक आहेच. कॉन कंपनीच्या २०के मॉडेलचा बोअर (नळीचा आतला व्यास) ०.७३४ इंच, किंग कंपनीच्या २३५०चा ०.६८७. त्यामुळे २०केला दम भरपूर लागतो, पण खालचे सूर काय भरदार येतात! किंग चटकन बोलतो. २०केचे व्हॉल्व्ह (सूर बदलायच्या कळा) कमी खोल दाबावे लागतात, त्यामुळे बोटं झरझर चालतात. वजन मात्र खांदा विसरू देत नाही.

जुना घेणार असाल तर माउथपीसजवळचे (तोंडाला लावायच्या भागाजवळचे) नळीचे वाकडे तुकडे हलवून बघा. तिथे सैल असेल तर हवा गळते आणि सूर डळमळतो, मग कंपनी कुठलीही असो.