घरीच शिकलेली मुलगी शाळेत चांगली शिक्षिका होते का?

तळ्याकाठची (धागाकर्ती)

आम्ही पेन्सिल्व्हेनियात, हॅरिसबर्गजवळ राहतो. मुलगा सरकारी शाळेत चौथीत आहे आणि मी त्याच शाळेत दोन वर्षं मदतनीस म्हणून काम करते. त्याच्या वर्गशिक्षिकेने बारावीपर्यंत शाळेची पायरीच चढलेली नव्हती. पाच भावंडांत ती थोरली. घर कडक ख्रिस्ती. सकाळी बायबलवाचन, मग स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सगळ्यांचा अभ्यास. पुस्तकं बहुतेक अबेका या ख्रिस्ती प्रकाशनाची.

हे कळलं तेव्हा मी धास्तावले, हे कबूल करते. डोव्हर आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या शाळा मंडळाने जीवशास्त्राच्या वर्गात 'इंटेलिजंट डिझाइन', म्हणजे सजीव उत्क्रांतीने नव्हे तर कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले हा विचार, आणायचा प्रयत्न केला होता आणि २००५ मध्ये न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. माझ्या मुलाला ही बाई काय शिकवणार, असं मनात आलं.

मग मी तिला अपूर्णांक शिकवताना पाहिलं. एका मुलाला काही केल्या कळेना. तिने पुन्हा तेच सांगितलं नाही. त्याला मागच्या टेबलावर नेलं, शेजारी त्याच्याहून कच्चा मुलगा बसवला आणि म्हणाली, "तुला जेवढं कळलंय तेवढं याला सांग." दहा मिनिटांत अडलेल्याला आपलं कुठे अडतंय ते सापडलं. हे कुठे शिकलीस, असं मी विचारलं. म्हणाली, "घरी. आई तान्ह्याला घेऊन असायची, दोन भावांना वाचायला मी शिकवलं. एकाला पाचव्या वर्षी अक्षर लागलं, दुसऱ्याला आठव्या. दोघं आज सारखेच वाचतात." त्यामुळे चौथीत अडखळत वाचणारं मूल पाहून ती घाबरत नाही. आमच्याकडच्या किती शिक्षकांना एवढा धीर असतो?

आणखी एक सांगितलं तिने. इथल्या १९८८ च्या कायद्यानुसार घरी शिकणाऱ्या मुलांच्या कामाची वही ठेवावी लागते आणि वर्षाअखेरी पात्र शिक्षक किंवा मानसशास्त्रज्ञ मुलांशी बोलून ती तपासतो. त्यांच्याकडे दरवर्षी एक निवृत्त शिक्षिका यायच्या. "त्या प्रत्येकाजवळ बसून विचारायच्या, यातलं तुला काय आवडलं? मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं."

माझं मत असं, की अशा घरातलं वाढणं हा शिक्षकी पेशाचा खरा पाया असू शकतो, आणि केवळ घर धार्मिक म्हणून त्याला कमी लेखणं अन्याय आहे.

भौतिकवाला, ह्यूस्टन

ताई, धागा आवडला, पण असहमत. तुम्हाला दिसल्या त्या शिक्षिका झालेल्या बाई. ज्यांचं गणित अपूर्णांकावरच थांबलं ते तुमच्या स्टाफरूममध्ये येणार कसे? ते माझ्याकडे येतात. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. घरून थेट नववी-दहावीत आलेली मुलं मी पाहिली आहेत. वाचन उत्तम, वागणं त्याहून उत्तम. पण एका मुलीला पृथ्वीचं वय विचारलं तर तिने मान खाली घातली. तिला उत्तर माहीत होतं, घरचंही आणि पुस्तकातलंही, आणि दोन्ही उच्चारायची भीती वाटत होती. मला फार वाईट वाटलं.

टेक्सासमध्ये ना नोंदणी, ना वार्षिक तपासणी. घरातली शाळा म्हणजे खासगी शाळाच, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये मान्य केलं. शिकवायचे विषय पाच : वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित, चांगलं नागरिकत्व. विज्ञान त्या यादीत नाही! तुमच्या बाईंना घडवलं ते वर्षातून एकदा येणाऱ्या त्या निवृत्त शिक्षिकेने आणि नंतर कॉलेजने. श्रेय घराला देऊ नका.

तळ्याकाठची

भौतिकवाला, पृथ्वीच्या वयाचं मीही तिला विचारलं होतं. घरी सहा हजार वर्षं शिकवलं होतं. कॉलेजात भूशास्त्राच्या सहलीला खडकांचे थर हाताने मोजले, त्या रात्री झोप लागली नाही म्हणाली. आज चौथीला जीवाश्म शिकवते ते राज्याच्या अभ्यासक्रमाप्रमाणे. रविवारी चर्चलाही जाते. एवढं सगळं स्वतःशी झगडून आलेली व्यक्ती मुलांच्या शंकांना हसत नाही. मला तरी यात गुणच दिसतो.

थोरली_लेक

मला या धाग्यातलं वेगळंच खटकलं. "आई तान्ह्याला घेऊन असायची, भावांना मी शिकवलं." हे तुम्ही कौतुकाने लिहिलंत. मी साताऱ्याकडची, शाळेत जाणारी होते, पण संध्याकाळी तीन भावांचा परवचा आणि शुद्धलेखन माझ्याकडेच. सगळे म्हणायचे, "हिला छान शिकवता येतं, डी.एड.ला घाला." मला कृषी महाविद्यालयात जायचं होतं. वीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, मुलांवर जीव आहे माझा, नोकरीत कधी कुचराई केली नाही. पण ती माझी निवड नव्हती. तुमच्या बाईंना दुसरं काही व्हायची मुभा होती का, हे विचारलंत का?

मिशनकंपाउंड, नगर

आमच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती आणि तीन पिढ्या शिक्षक, म्हणून लिहितो. आमच्याकडे ख्रिस्ती संस्कार आणि शिक्षकी पेशा यांची गाठ घरात पडली नाही, शाळेत पडली. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत मुलींची शाळा १८२४ मध्ये काढली. सिंथिया फॅरारबाई १८२७ मध्ये आल्या, पुढे नगरला मुलींसाठी राबल्या, तिथेच १८६२ मध्ये वारल्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं प्रशिक्षण त्यांच्याकडेच घेतलं. त्या काळी मुलीला घरी ठेवणं म्हणजे अडाणी ठेवणं होतं. त्याच अमेरिकेतले आजचे ख्रिस्ती पालक मुलांना शाळेपासून लांब ठेवतात, हे मला पचत नाही. माझी आजी नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत शिकून पहिला पगार घेऊन घरी आली, तेव्हा पणजोबांनी तिला ओसरीवर खुर्ची दिली. तो मान तिला पगारामुळे मिळाला, आणि पगार शाळेमुळे.

पानशेत

मिशनकंपाउंड, पंडिता रमाबाईंना विसरलात. तीर्थयात्रेत फिरता फिरता आई लक्ष्मीबाईंनी संस्कृत शिकवलं, शाळा नाहीच. १८८३ मध्ये बाप्तिस्मा, मग इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या. घरच्या शिक्षणातूनच शिक्षिका झाल्या की!

मिशनकंपाउंड, नगर

विसरलो नाही. ते घर ख्रिस्ती नव्हतं, पुराणिक शास्त्र्यांचं होतं. आणि बाईंच्या हातात आल्यावर त्यांनी १८८९ मध्ये काय काढलं? शारदा सदन. शाळाच.

भौतिकवाला, ह्यूस्टन

ताई, भूशास्त्राच्या सहलीबद्दल वाचून मी थोडा मागे येतो. अशी शिक्षिका मला सहकारी म्हणून चालेल, आवडेलही. पण मग वर्षाअखेरची ती तपासणी आमच्याकडेही हवी. माझ्याकडे आलेल्या त्या मुलीजवळ बसून "तुला काय आवडलं" असं विचारायला कोणी तरी आलं असतं, तर ती मान वर करून बोलली असती. घरी शिकवणाऱ्या चांगल्या पालकांचा याला विरोध का असावा?

तळ्याकाठची

तपासणीबद्दल पूर्ण सहमत, मूळ धाग्यात हे ठामपणे लिहायला हवं होतं.

थोरली_लेक, तुमचा प्रश्न काल डबा खाताना मी तिला विचारला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पंधराव्या वर्षी आईने विचारलं होतं, नर्स होणार की टीचर. तिसरं काही असतं हे मला माहीत नव्हतं. धाकटीला मात्र मी सांगितलं. ती आता वीजजोडणीचं काम शिकते आहे."