लकव्यानंतर रोबोट: हात सुधारतो की नुसती आवर्तनं वाढतात?

रानवारा: बाबांना लकवा मारून पाच महिने झाले. खांदा थोडा हलतो, बोटं मात्र मिटलेलीच. एका केंद्राने रोबोटिक थेरपी सुचवली आहे. हात यंत्राच्या दांड्याला बांधायचा, पडद्यावरच्या ठिपक्याकडे न्यायचा. अडला की यंत्र पुढे ढकलतं. अट एकच: हे घेतलं तर फिजिओ बंद. मला हे पटत नाही. यंत्र जोडीला चालेल, जागी नको. खोडून काढा.

खटपट्या: खोडतो. मेंदूत नवी वाट पडायला शेकड्यांनी आवर्तनं लागतात. अमेरिका-कॅनडातल्या २००९ च्या एका पाहणीत, फिजिओच्या सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली भरल्या सरासरी ३२! अमेरिकेतल्या एमआयटीत घडलेला 'मॅनस' हा हाताचा रोबोट एका सत्रात आवर्तनं हजारावर नेतो, आणि दमत नाही.

सांधेजोड: मी फिजिओ आहे, तेव्हा पक्षपाती समजा हवं तर. याच मॅनसची ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर चाचणी झाली, २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. आठवड्यातून तीनदा ४५ मिनिटं, १२ आठवडे. हालचाल थोडी सुधारली, पण हाताने कामं करण्यात नेहमीच्या उपचारांपेक्षा ठोस फरक पडला नाही. ठिपक्यापर्यंत गेलेला हात शर्टाच्या बटणापर्यंत आपोआप जात नाही. शिवाय यंत्र ढकलतंय म्हटल्यावर रुग्ण अंग चोरतो.

खटपट्या: म्हणून तर आता गरजेपुरतीच मदत देणारी यंत्रं आहेत, ताई. आणि २०१० ची अमेरिकी माजी सैनिकांची चाचणी विसरलात? १२७ जण, झटक्याला सहा महिने उलटून गेलेले. ३६ आठवड्यांनी रोबोटवाले नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा थोडे पुढे होते.

सांधेजोड: नाही विसरले. त्यातच तिसरा गट होता, तेवढाच जोरकस व्यायाम माणसांनी करून घेतलेला. रोबोट त्याच्यापुढे गेला नाही. गुण मात्रेचा, यंत्राचा नव्हे.

पायवाट: पायांचं वेगळं आहे हो. आईला उभं करायलाच दोन माणसं लागायची. पट्ट्यात टांगून यंत्राने पावलं टाकून घेतली, तेव्हा कुठे सराव सुरू झाला. अर्थात फिजिओ चालूच होती.

सांधेजोड: मान्य. स्वतः चालू न शकणाऱ्यांना, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, फिजिओच्या जोडीने यंत्राचा फायदा दिसतो. 'जोडीने' हा शब्द सोडू नका.

खटपट्या: बरं, ती जोरकस मात्रा रोज देणार कोण? तुम्ही देता?

सांधेजोड: नाही देऊ शकत. रांग लागलेली असते. म्हणून यंत्राला माझा विरोध नाहीच. सत्र संपल्याबरोबर त्याच हातात पेला देऊन खरं काम करून घ्यायला माणूस हवा, एवढंच.

रानवारा: मग उद्या केंद्रात हेच विचारतो: पेला कोण देणार?

खटपट्या: विचारा. 'कोणी नाही' म्हणाले, तर घरच्यांनी द्या. पण यंत्र सोडू नका.