तज्ज्ञाकडे जायची वेळ झाली, हे तुम्हाला कशावरून कळले?

कुळागर, फोंडा
चवथीच्या आरतीत शेजारच्या काकांचा बसलेला आवाज ऐकला आणि बाबांची आठवण झाली. बाबा भजनी मंडळातले. घसा बसला की ज्येष्ठमध चघळायचे आणि चार दिवसांत पुन्हा गायला बसायचे. एकदा मात्र सर्दी नाही, खोकला नाही, तरी तीन आठवडे उलटून गेले आणि आवाज काही सुटेना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी औषध न बदलता गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, कान-नाक-घसा विभागासाठी चिठ्ठी दिली. इतके दिवस टिकलेला घोगरेपणा, त्यातही तंबाखू खाणाऱ्याचा, स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सोडून द्यायचा नसतो, असे ते म्हणाले. बांबोळीला नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिले, तेव्हा स्वरतंतूवर गाठ दिसली. ती साधी निघाली. आपापले अनुभव जरूर लिहावेत.

पेडण्याची लेक
आईला एका डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखे दिसू लागले, मग काळे ठिपके तरंगू लागले आणि संध्याकाळी कडेने पडदा ओढल्यासारखे वाटले. डोळा लाल नव्हता, दुखतही नव्हता, त्यामुळे घरात कोणालाच घाई वाटेना. वहिनी परिचारिका आहे. तिने जेवण अर्धवट सोडून आईला गाडीत बसवले.

निवृत्त मास्तर
ताई, मातोश्रींची दृष्टी आता कशी आहे? मला मधुमेह आहे, पण नजर उत्तम असल्याने नेत्रतज्ज्ञांकडे जायचे कारण दिसत नाही.

सांखळीकर
आमच्याकडे विचार करायला सवडच नव्हती. भावाच्या हातून चहाचा कप सुटला, तोंड एका बाजूला वाकडे झाले आणि बोलणे अडखळू लागले. 108 ला फोन केला, तर त्यांनी आधी विचारले, की तो शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, हे मला तेव्हा कळले.

मांडवीकाठ
बाळंतपणानंतर बहीण सारखी रडायची. पहिले काही दिवस असे होतेच, पण दोन आठवड्यांनंतरही ती बाळाकडे पाहीना, तेव्हा दिष्ट काढणाऱ्या आत्याला नमस्कार करून आम्ही मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. तिकडे जायला कोणी संकोचत असेल, तर 14416 या टेलिमानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर आधी नुसते बोलता येते.

पेडण्याची लेक
मास्तर, शस्त्रक्रिया झाली आणि आई आता पेपरातले शब्दकोडे सोडवते. तुम्ही मात्र वर्षातून एकदा दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, तपासून घ्याच. मधुमेहाने तिथल्या रक्तवाहिन्या बिघडू लागतात, तेव्हा नजर बहुधा उत्तमच असते. डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि काही तास धूसर दिसते, म्हणून स्कूटर घरी ठेवून कोणाला तरी सोबत न्या.

निवृत्त मास्तर
सोमवारी जावयाला सुट्टी आहे, त्याला सांगतो.