गणवेशाचा अधिकार गावात परत आला. हिशेब कुणी मागायचा?

पाटीपेन्सिल

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मागच्या शनिवारी व्यवस्थापन समितीची बैठक झाली. मी सदस्य आहे, म्हणजे पालकसभेत कुणी हात वर करेना म्हणून झालो. विषय गणवेशाचा होता. "कापड कुठून घेतलं, बिल बघू," एवढंच म्हणालो. मुख्याध्यापिका बाई कपाटाकडे वळल्याही होत्या. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "का, आमच्यावर संशय आहे का?" सगळे गप्प. बाई परत खुर्चीत बसल्या. चहा आला.

आता २०२४-२५ आठवा. 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून समितीकडचा गणवेशखरेदीचा अधिकार काढून घेतला. कापडाची खरेदी वरून, कापून गठ्ठे वरून, शिलाई बचत गटांकडे. पंधरा ऑगस्टला कित्येक शाळांत पोरं जुन्याच कपड्यांत झेंड्यापुढे उभी होती. आमच्याकडे गणवेश आला तेव्हा दिवाळी तोंडावर होती, आणि माझ्या पोराच्या सदऱ्याची एक बाही कोपरापर्यंत, दुसरी चार बोटं वर. स्काऊट-गाईडच्या दुसऱ्या गणवेशाचं नुसतं कापलेलं कापड आलं, शिलाई आणि वरखर्च मिळून ११० रुपये. आमच्या शिंप्याने गठ्ठा उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "दादा, एवढ्यात मी गुंड्या लावून देतो."

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने माघार घेतली आणि २०२५-२६ पासून अधिकार परत समितीला दिला. तेव्हा मंत्रालयाला शिव्या घालणाऱ्यांत मी पुढे होतो. पण मग मंत्रालयाला विचारलेला प्रश्न गावात विचारला की तो संशय कसा होतो?

आमचा पट ६४. मुलामागे दोन गणवेशांचे ६०० धरले तर ३८,४०० रुपये. ३१ ते १०० पटाला संयुक्त शाळा अनुदान, म्हणजे शाळेच्या वर्षभराच्या किरकोळ खर्चाचे पैसे, २५,००० बसतं. हे दोन आकडे आणि त्यांची बिलं शाळेच्या दाराशी फळ्यावर लावा, माझं मागणं एवढंच आहे. चूक सांगा माझी.

निवृत्त_गुरुजी

चूक सांगतो. राग मानू नका.

मी अकरा वर्षं मुख्याध्यापक होतो, म्हणजे समितीचा पदसिद्ध सचिव. तुम्ही ज्या २५,००० चा हिशेब मागताय ते माझ्या शाळेत एकदाही वेळेवर आणि पुरते आले नाहीत. यायचे तेव्हा मार्च उजाडलेला असायचा आणि केंद्रप्रमुखांचा निरोप असायचा, 'आठ दिवसांत खर्च टाका, नाहीतर परत जातील.' विजेचं बिल मात्र दर महिन्याला यायचं. मीटर काढून नेऊ नये म्हणून मी खिशातून भरलं आहे. आता ही पावती फळ्यावर कुठल्या रकान्यात लावू?

पालक हिशेब मागतात तो हाताशी असलेल्या माणसाकडे. पैसे उशिरा सोडणारा साहेब तुमच्या बैठकीला येत नाही. शिक्षकाची बदली करून जागा वर्षभर रिकामी ठेवणाराही येत नाही. सापडतात त्या बाई.

तिखटमीठ

दोघांनाही एक विचारतो. समिती म्हणजे कोण? आमच्याकडे अध्यक्ष सरपंचाचा पुतण्या आणि गणवेशवाला दुकानदार त्याचा साडू. कायद्यात पाऊणपट पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असं लिहिलंय. त्या कागदावर असतात, सहीचं रजिस्टर घरपोच फिरतं.

२०२४ ची योजना राबवताना माती खाल्ली, मान्य. पण एका ठिकाणी खरेदी केली की निदान एकाच जागी बोट ठेवता येतं. हजारो समित्यांचे हजारो दुकानदार कोण तपासणार? माझं मत विचाराल तर पैसे सरळ आईच्या खात्यात टाका. मध्ये ना समिती, ना मंत्रालय.

डोंगरवाट

@तिखटमीठ, खात्याचा प्रयोग होऊन गेलाय, विसरलात? २०१७ च्या सुमारास दोन गणवेशांचे ४०० रुपये खात्यात येणार म्हणून मुलाचं आणि आईचं संयुक्त खातं काढायला सांगितलं. बँकेत गेलो तर शून्य शिलकीवर उघडायला तयार नाहीत. चारशेसाठी हजार भरा! माझ्या बायकोचे दोन दिवसांचे खाडे गेले ते वेगळेच. शेवटी ती पद्धतही गुंडाळली.

आणि एका जागी बोट ठेवता येतं म्हणता, तर ठेवून दाखवा. त्या आखूड बाहीबद्दल कुणाचा पगार कापला गेला? साडूच्या दुकानात मी निदान सदरा घेऊन उभा राहू शकतो.

सहीपुरती_नाही

बायका कागदावर असतात असं वर लिहिलंय. मी त्यातलीच एक.

बैठक सकाळी ११ वाजता. त्या वेळेला मी दुसऱ्याच्या रानात खुरपत असते. बैठकीला गेले तर रोज बुडतो, नाही गेले तर 'यांना शाळेचं काही पडलेलं नाही'. पहिलं वर्षभर रजिस्टर घरी आलं आणि मी सही केली. मग एकदा वरची ओळ वाचली. 'सर्वानुमते पाण्याच्या टाकीची दुरुस्ती मंजूर.' टाकी तर फुटकीच होती! त्या दिवसापासून वाचल्याशिवाय सही नाही. आमच्या शाळेचे गुरुजी चिडले, मग त्यांनीच बैठक संध्याकाळी साडेसहाला ठेवली. आता सात-आठ जणी येतो.

पाटीपेन्सिल दादा, बिल मागायचंच, पण एकट्याने मागू नका. एकटा माणूस मागतो तेव्हा त्याला भांडखोर म्हणतात. आम्ही चौघींनी मागितलं तेव्हा ती नुसती चौकशी झाली.

निवृत्त_गुरुजी

@सहीपुरती_नाही, ताई, रजिस्टर घरोघर फिरवायचं पाप मीही केलंय. बारा-पंधरा सदस्य, दर महिन्याला बैठक आणि गणपूर्ती होत नाही. अहवाल वर पाठवला नाही तर नोटीस मला. साडेसहाची वेळ तेव्हा सुचली नाही. पाच दहाची एसटी गाठायची असायची.

कलमदान

भावना खूप झाल्या, कायदा कुणीच उघडला नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ समितीला शाळेच्या कामावर आणि मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवायला सांगतं. हे समितीचं कामच आहे, त्यामुळे 'संशय आहे का' या प्रश्नाला उत्तर देत बसायची गरज नाही. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीने करायचा. आणि कलम ३२: लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्याकडे जिल्हा परिषदेकडे. तीन महिन्यांत निर्णय, पटला नाही तर बाल हक्क आयोगाकडे अपील. गुरुजी ज्या साहेबांबद्दल म्हणतात ते इथे सापडतात.

तिखटमीठ

तीन महिन्यांत निर्णय! इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा बंद केली तेव्हा पोरं बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली होती. 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या.' ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. त्यांनी कलम ३२ खाली अर्ज केला असता तर कुणी पाहिलं असतं?

कलमदान

अर्ज आणि बकऱ्या दोन्ही न्या. कुणी अडवलंय?

डोंगरवाट

😄 बकऱ्यांना पोच मिळत नाही, अर्जाला मिळते.

पण तिखटमीठचा हा मुद्दा मात्र खरा आहे. आवाज मोठा झाला की सरकार हलतं. पहिलीपासून हिंदीचे आदेश २९ जून २०२५ ला मागे घेतले ते राज्यभर गदारोळ झाला म्हणून. आमच्या शाळेच्या गळक्या वर्गासाठी कोण गदारोळ करणार?

आणखी एक सांगतो, याच्यावर कुणी बोलत नाही. पोषण आहारातल्या अंड्याचा निधी सरकारने बंद केला आणि म्हणालं, द्यायचं असेल तर समितीने लोकसहभागातून द्यावं. म्हणजे कापडखरेदीचा पैसा होता तोवर समिती नालायक आणि वर्गणी गोळा करायची वेळ आली की समिती लायक. गावाने हिशेब द्यावा, शंभर टक्के द्यावा. पण ही वाटणी कुणी केली, त्याचा हिशेब कुठल्या फळ्यावर लागतो?

पाटीपेन्सिल

सगळ्यांचं वाचलं. गुरुजी, तुमचं वीजबिलाचं वाचून बाईंचा चेहरा आठवला. मी त्यांना अध्यक्षांच्या बाजूच्या समजत होतो. काल शाळा सुटल्यावर गेलो आणि फाइल मागायच्या ऐवजी विचारलं, "बाई, तुमचे किती अडकलेत?" त्यांनी टेबलाच्या खणातून प्लास्टिकची पिशवी काढली. खडू, झाडू, झेरॉक्स, नळाची तोटी, जूनपासूनच्या पावत्या. बेरीज २,३४०.

तरी फळ्याचा हट्ट सोडत नाही. फक्त आता तीन रकाने करणार. काय यायला हवं होतं, काय आलं आणि कधी, कशावर गेलं. बाईंचे २,३४० पहिल्या दोन रकान्यांच्या फरकात दिसतील. मग बोट कुणाकडे जातं ते ज्याने त्याने पाहावं.

तिखटमीठ

आणि कापडाचं बिल?

पाटीपेन्सिल

ते अध्यक्षांच्या घरी आहे म्हणे. पुढची बैठक साडेसहाला ठेवा असा अर्ज दिलाय, नऊ सह्या आहेत, पाच बायकांच्या. पोच घेतली.

निवृत्त_गुरुजी

पोचेवर आवक क्रमांक घातलाय का बघा. नुसता शिक्का असेल तर परत जा.